मुडद्याचं काम

आनंदराव: हे मनगट कुंडलिकाचं नाही.

अंबूबाई: गुमान गुंडाळा.

आनंदराव: अहो! अंबूबाई ना तुम्ही? गेनूच्या मंडळी? सोडा ते कापड. कुंडलिक कुठंय?

अंबूबाई: भावजी वेल्ह्याला ग्येलं. म्याच लावून दिलं. म्हनलं, तुमच्या भावाचं ऱ्हायल्यालं काम म्या करते, तुमी बाजारला जावा. भितरा मानूस. धोतर सावरत पळाला. गुंडाळा तुमी. तोंडाला राख फासली की बाई काय आन् बाप्या काय, समदी येकच.

आनंदराव: पंतांनी ओळखलं म्हणजे?

अंबूबाई: तुमचं पंत वढ्यावर दाढी चिकटवत्यात. ती चिकटली की पाटलाला सांगतील, मानसं दोरीमागं सारा, माझ्या चित्रात यायला नगंत. मला बगायला त्येंना येळ हाय व्हय? चार महिन्यांत कवा बगितलं न्हाई, ते आज बगतील?

आनंदराव: तुमच्या मनात काय आहे ते आधी सांगा. त्याशिवाय मी एक वेढा देणार नाही.

अंबूबाई: आजचा सीन काय हाय? तुमीच सांगा.

आनंदराव: सीन काय... शास्त्रज्ञ, म्हणजे पंतच, आपल्या यंत्रानं मुडदा जिता करतो. प्रयोग फसतो. मुडदा उठतो, शास्त्रज्ञालाच टेबलावर आडवा पाडतो, पट्ट्यांनी बांधतो आणि त्याचा गळा दाबतो. तिथं चित्र संपतं. एवढंच घ्यायचं राहिलंय.

अंबूबाई: मंग तेच करनार हाय म्या. येक पाऊल इकडं तिकडं टाकायची न्हाई.

आनंदराव: अंबूबाई, माणूस मारायचा विचार असेल तर—

अंबूबाई: मारायचं न्हाई, असं घरनं ठरवून आले. आता हितं आल्यावर हात काय म्हनतील ते हातांना ठावं.

आनंदराव: असलं बोलू नका हो. अंगावर काटा येतो.

अंबूबाई: तुमच्या अंगावर काटा येतो, माझं तर आंगच ऱ्हायलं न्हाई. परवा अमुशा. पंचांनी काय ठरवलंय, आलंय न्हवं कानावर? परवा मला घराभाईर काडायचं. नेसत्या लुगड्यानिशी. आन् माझी ठकी, आठ वर्सांची पोर, ती थोरल्या दिराकडं ठिवून घ्यायची. का? तर म्या जित्या नवऱ्यावर बांगड्या फोडल्या, कुकू पुसलं, नवऱ्याला खाल्लं. उद्या लेकीला बी खाईन. हिर्डोशीला माहेरात माझं कुत्रं बी उरलं न्हाई. जाऊ कुठं म्या? आन् ठकीबिगर जगू कशी?

आनंदराव: पण बांगड्या तुम्ही चित्रासाठी फोडल्या. मी स्वतः कॅमेऱ्याचं हँडल फिरवत होतो.

अंबूबाई: व्हय, चित्रासाठी! ती पुन्याची नटी आली न्हाई...

आनंदराव: तिची मोटार घाटात बंद पडली.

अंबूबाई: पडली न्हाई तर काय! तिचं नशीब चांगलं. पंत म्हनले, हिचाच नवरा तिरडीवर हाय, हिच्यापरीस खरं कोन रडंल? म्या दोन येळा न्हाई म्हनलं. सासूनं कानावर हात ठिवलं. तवा पंत म्हनले, बाई, काचेनं मानूस मरत न्हाई, सायन्स सांगतं. येवढा शिकल्याला मानूस, भोरात ज्येच्या घराला समदी रामराम घालत्यात. म्या म्हनलं, त्येंला कळत असंल. बसले तिरडीपाशी. आपटलं हात दगडावर. आन् ह्ये तिरडीवर डोळं मिटून मला बारीक आवाजात म्हनत्यात, अगं हळू, काच घुसंल हाताला.

आनंदराव: मुडदा हसला म्हणून तो शॉट दोनदा घ्यावा लागला.

अंबूबाई: दुसऱ्यांदा कासाराकडनं नव्या बांगड्या भरून आनल्या. फोडायला भरल्या. लई हसलो हुतो आमी त्या दिशी, दादा. तेच बाधलं जनू.

आनंदराव: बांगड्यांनी नाही मेला तो.

अंबूबाई: कशावरनं?

आनंदराव: नाही मेला. मी सांगतो ना.

अंबूबाई: मंग कशानं मेलं? तेच तर इचारते म्या चार महिनं. धुराचा सीन घेतला त्या दिशी म्या भाईर हुते. आत तुमी दोघं आन् ह्ये. भाईर आलं ते खोकतच आलं. नवव्या दिशी ग्येलं. मधी येकदा तोंड उघडून मला सांगाय बगत हुतं, तर खोकल्यानं शब्दच फुटंना. आन् पंत पंचाम्होरं उभं राहून काय म्हनलं, ठावं हाय? म्हनलं, म्या नगं नगं म्हनत हुतो, पर ह्या बाईनं हट्टानं जित्या नवऱ्यावर बांगड्या फोडल्या, तिथंच घात झाला. मला सायन्स शिकवनारा तोंडानं आसं म्हनला! आता दादा, खरं सांगते, रातीची जागी झाले की म्या माझंच हात बगते. वाटतं, म्याच मारलं की काय त्येंला.

आनंदराव: पंत पंचांपुढं तसं बोलले त्या दिवशी मी दोरखंड गोळा करत होतो. मान खाली घालून. ऐकत होतो.

अंबूबाई: आत काय झालं?

आनंदराव: ...सांगतो. ह्या खोपीला वर आणि उघड्या बाजूला ओली चादर ताणली. उजेड यावा, पण धूर जाऊ नये म्हणून. गंधक आणि कसली तरी पूड होती, ती मी पेटवली. मीच. गेनूला ह्याच टेबलावर पट्ट्यांनी आवळलं होतं. थोडं झालं आणि त्याची बोटं हलायला लागली. मग टाचा आपटायला लागला. मुडद्यानं अजून हलायचं नव्हतं. मी म्हटलं, पंत, तो गुदमरतोय. पंत म्हणाले, हँडल थांबवू नको आनंदराव, असं काम जन्मात पुन्हा मिळायचं नाही.

अंबूबाई: आन् तुमी?

आनंदराव: नाही थांबवलं. डबा संपेपर्यंत फिरवलं.

अंबूबाई: म्हंजी तुमी बी.

आनंदराव: मी बी.

अंबूबाई: असा सरळ सांगतोस व्हय मेल्या! तुजाच गळा आदी धरायला पायजे.

आनंदराव: धरा. हलणार नाही मी.

अंबूबाई: ...तुमचा गळा मला नगं. तुमचं हँडल पायजे. त्या दिशी थांबवलं न्हाई न्हवं, मंग आज बी थांबवायचं न्हाई. तो किती बी वरडू दे.

आनंदराव: त्यापेक्षा मीच पंचांना सांगतो सगळं.

अंबूबाई: तुमचं कोन ऐकनार? म्हनतील, रांडमुंड बाईनं परका गडी फितवला. वर आनीक तेच तोंडाला काळं. पंचांनी पंतांचं ऐकून गाठ मारली, तर सोडायला बी पंतच पायजेत. पंच पलीकडं बसल्यात, जाजम टाकून, तमाशा बगायला. खोपीची ती बाजू उघडी हाय. त्येंच्या कानावर पडंल असं त्येच्या तोंडनं वदवून घेते.

आनंदराव: मुकं चित्र हे. इथं कोण काय बोललं ते काही उमटत नाही.

अंबूबाई: चित्र मुकं हाय. पाटलाचं कान न्हवं.

आनंदराव: दोनशे फूट फिल्म आहे. साडेतीन मिनिटं फार तर.

अंबूबाई: लई झालं. गुंडाळा आता, मानेपातुर. आन् ती राख द्या हिकडं. ह्येच का त्ये प्राणयंत्र? देवा रं! हंडा आमच्या घरचा, वर शिंप्याचं चाक, आन् बाटल्यांत हिरड्याचं पानी. त्यानं आमी तोंड आलं की चुळा भरतो. ह्यापायी माझा मानूस गेला.

आनंदराव: गप. आले.

गंगाधरपंत: आनंदराव! झालं की नाही? राजगडाची सावली खाली उतरायला लागलीय, अर्ध्या तासात इथं पोचेल. वा! वा वा! हुबेहूब गेनू. तीच उंची, तेच खांदे. भाऊ शोभतोस रे कुंडलिक. काय, बोलत का नाहीस?

आनंदराव: राख ओली आहे. तोंड हललं की पोपडे निघतात.

गंगाधरपंत: मग नकोच बोलू. मुडद्याला काय बोलायचंय? आता नीट ऐक. हे शेवटचे दोनशे फूट. कंपनीत मी आणि आनंदराव दोघंच उरलोय, बाकीचे पांगले. मुंबईला बोलपट निघणार म्हणतात. तो निघाला की आपलं 'प्राणयंत्र' कुणी फुकटही पाहणार नाही. म्हणजे आज नाही तर कधीच नाही. समजलं? मान हलव. शाब्बास.

आनंदराव: पंत, पट्टे किती आवळायचे?

गंगाधरपंत: खरे आवळायचे. तेच सांगतोय. मला पाडायचं, दोन्ही हात पट्ट्यांत अडकवायचे, शेवटच्या भोकापर्यंत ओढायचे. मग गळा. हात गळ्यावर खरे हवेत, नुसते टेकवलेले नकोत. कॅमेऱ्याला खोटं तत्क्षणी कळतं. मी तडफडेन, ओरडेन, शिव्याही देईन. सोडायचं नाही. हँडल थांबेपर्यंत सोडायचं नाही.

आनंदराव: ऐकलंस ना? पंत स्वतः सांगताहेत.

गंगाधरपंत: आत्तापासून मुठी कसल्या आवळतोस रे? जोर शॉटला ठेव.

आनंदराव: पंत, एक विचारू? चित्राच्या पाटीवर गेनूचं नाव घालणार होता तुम्ही.

गंगाधरपंत: छे! म्हणालो होतो तेव्हा, गाव शांत राहावं म्हणून. मेलेल्या माणसाचं नाव पाटीवर? लोक म्हणतील चित्र अपशकुनी.

आनंदराव: तुम्ही कुठं अपशकुन मानता?

गंगाधरपंत: मी नाही मानत. लोक मानतात. लोकांपुढं लोकांच्या भाषेत बोलावं लागतं, आनंदराव. त्या दिवशी पंचांपुढं बांगड्यांचं काढलं म्हणून सुटलो. धुराचं सायन्स समजावत बसलो असतो तर आज ह्या गुंजवणे गावात पाय ठेवू दिला असता का मला?

आनंदराव: आणि ती बाई?

गंगाधरपंत: तिचं काय? चार दिवस बोलतील, विसरतील.

आनंदराव: परवा घराबाहेर काढणार आहेत तिला. पोर काढून घेणार आहेत.

गंगाधरपंत: गावची रीत आहे, गाव बघून घेईल. आपण इथं समाजसुधारणा करायला आलोय का? ऊन चाललंय, ऊन! पाटील! माणसं दोरीच्या मागं! हां, तिथंच. आनंदराव, तयार?

आनंदराव: तयार.

गंगाधरपंत: फिरव!

आनंदराव: फिरतंय.

गंगाधरपंत: ऊठ... हळू, हळू. मेलेला माणूस उठतोय. पाय ओढत. अहाहा! आनंदराव, डोळे बघ त्याचे! कुंडलिका, अरे तू तर नट निघालास! मी मागं सरतो... बाटली पाडतो... आता धर मला. पाड. आई गं! चालू दे, चालू दे. डावा हात. ओढ पट्टा. आणखी एक भोक. बास. बास रे, बोटं काळी पडतील. असू दे, चालू दे. उजवा. हं. आता गळा.

अंबूबाई: आवळलं का नीट, पंत?

गंगाधरपंत: आं? हा... हा कुणाचा आवाज?

अंबूबाई: म्या अंबू. ज्येच्या तिरडीवर मला रडाय बसवली त्येची बायकू.

गंगाधरपंत: आनंदराव! थांबव!

आनंदराव: फिरतंय, पंत.

गंगाधरपंत: थांबव म्हणतो ना! नको, थांबवू नको, फूट वाया जातील... बाई, हात काढ. शॉट झाल्यावर बोलू. काय हवं ते बोलू.

अंबूबाई: मंग न्हाई. आत्ता. चार महिनं तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाल्ला म्या. आता जरा तुमी खावा.

गंगाधरपंत: अगं, खरंच दाबतेयस तू!

अंबूबाई: तुमीच म्हनला, खोटं कळतं.

गंगाधरपंत: आनंद... राव...

आनंदराव: हँडल थांबवायचं नाही, पंत. असं काम जन्मात पुन्हा मिळायचं नाही.

अंबूबाई: माझं मालक कशानं मेलं? काचेनं का धुरानं?

गंगाधरपंत: ताप... ताप आला होता त्याला...

अंबूबाई: काचेनं का धुरानं?

गंगाधरपंत: सोड... सांगतो, सोड...

अंबूबाई: आदी सांगा, मंग सोडते. वाईच ढिला केला हात. घ्या वारा. काचेनं का धुरानं?

गंगाधरपंत: धुरानं.

अंबूबाई: मला न्हवं. पाटलाला सांगा.

गंगाधरपंत: धुरानं! धुरानं मेला!

अंबूबाई: कोन मेलं? नाव घ्या. म्या त्येंचं नाव उभ्या जन्मात घेतलं न्हाई, घेनार न्हाई. तुमी घ्या.

गंगाधरपंत: गेनू! गेनू धुरानं मेला!

अंबूबाई: धूर कुनी कोंडला?

गंगाधरपंत: आनंदरावानं... त्यानं पेटवला!

आनंदराव: मी पेटवला, खरंय. कोंडायला कुणी सांगितलं? तो टाचा आपटत होता तेव्हा हँडल थांबवू नको, असं कोण म्हणालं?

गंगाधरपंत: पट्टा... आधी पट्टा सोड...

अंबूबाई: बोल की! टाचा आपटत हुतं माझं मालक, तवा तू काय म्हनलास?

गंगाधरपंत: मी! मीच म्हणालो! आई गं... मीच सांगितलं, फिरवत राहा!

अंबूबाई: आन् बांगड्या?

गंगाधरपंत: मी फोडायला लावल्या. ती नको म्हणत होती. मी लावल्या!

(ओढ्यापलीकडून सावळाराम पाटलाची हाक येते: "पंत, बांगड्यांचं काय म्हनला? पुन्यांदा सांगा, हितं वारं लई हाय!")

अंबूबाई: सांग. पाटील इचारतोय.

गंगाधरपंत: बाईचा दोष नाही, पाटील! दोष नाही तिचा! बांगड्या मी फोडायला लावल्या, गेनू धुरानं मेला, मी खोटं बोललो! झालं? झालं ना आता? सोड!

आनंदराव: अंबूबाई, सांगितलं त्यानं. सगळ्यांनी ऐकलं.

अंबूबाई: ऐकलं व्हय? मंग आता तू बी ऐक. नऊ दीस खोकलं ते. नवव्या दिशी पायलीभर रक्त पडलं घोंगडीवर. तू कुठं हुतास रं तवा? कुठं हुतास?

आनंदराव: अंबूबाई. हात.

अंबूबाई: भोरात माडीवर बसून चित्र जोडत हुतास! माझी पोर बापाचं तोंड पुसत हुती!

आनंदराव: अहो, डोळे पांढरे केले त्यानं! सोडा! अंबूबाई, मेला तर कोण बोलणार उद्या तुमच्या बाजूनं? सोडा! सोडा म्हणतो ना!

अंबूबाई: सुटंनात बोटं...

आनंदराव: हां. असं. बसा खाली. पंत! पंत, श्वास घ्या. हळू. पट्टे सोडतो.

गंगाधरपंत: पा... पाणी.

आनंदराव: आणतो. आधी श्वास घ्या.

गंगाधरपंत: आला का?

आनंदराव: काय?

गंगाधरपंत: शॉट. आला का नीट?

अंबूबाई: अगं आई गं! सुंभ जळला तरी पीळ जाईना. ह्येचा जीव जात हुता आन् ह्येला चित्राचं पडलंय!

गंगाधरपंत: बाजूला हो. बाजूला हो, आनंदराव, मला उठू दे. पाटील! सावळाराम पाटील! घाबरू नका! हा सगळा चित्राचा भाग! मुडदा विचारतो, शास्त्रज्ञ कबूल होतो, असंच लिहिलंय! कसं वठलं काम? खरं वाटलं की नाही?

अंबूबाई: लिवलं हुतं? खोटारड्या! देवाची तरी भीती धर!

गंगाधरपंत: देवाचं नाव घेऊ नकोस. कॅमेरा फिरत असताना माणूस बोलतो त्याला खरं म्हणत नाहीत, बाई. उद्या राजाचं काम करणारा नट खरंच राजा होतो का? शेंबड्या पोराला कळतं हे. विचार पंचांना.

अंबूबाई: दादा, पाटील पुन्यांदा खाली बसलं. मानसं हसाय लागली. हसत्यात की हो! त्येंना खेळच वाटला! सोडा मला, पुन्यांदा धरते त्येला, आता कोन बी हाक मारू नगा!

आनंदराव: थांबा. एकदाच माझं ऐका, थांबा. पाटील! ओ पाटील! उठा, इकडं या! दोरी राहू दे, ओढा ओलांडून या, पंचांनाही आणा! या, या. हा कॅमेरा. ह्याचं दार मी उघडतो, ह्या उन्हात, तुमच्या डोळ्यांदेखत.

गंगाधरपंत: आनंदराव! वेड लागलं का? ऊन लागलं की सगळं जाईल! दोनशे फूट आहेत आत! बंद कर! पाया पडतो तुझ्या, बंद कर!

आनंदराव: काही जात नाही. पाटील, हात घाला आत. घाला, चावत नाही. काय लागलं? काही नाही ना? पंत सगळं चित्रावर ढकलतील हे ठाऊक होतं, म्हणून फिल्म मी घातलीच नव्हती. हा डबा बघा, माझ्या पिशवीतला. झाकणावरची चिकटपट्टी आहे तशी आहे. मी नुसतं हँडल फिरवत होतो.

गंगाधरपंत: रिकामा? रिकामा फिरवलास?

आनंदराव: चित्र चाललंच नव्हतं, पाटील. मग काम कुणी केलं आणि कशाचं? पंत जे बोलले ते तुमच्याशी बोलले.

गंगाधरपंत: चांडाळा! माझ्या अन्नावर... पाटील, तिनं गळा दाबून वदवलं! गळा दाबला की माणूस काय वाट्टेल ते बोलतो!

आनंदराव: बरोबर. म्हणून माझं ऐका. धूर मी पेटवला. गेनू गुदमरत होता, मी पाहत होतो, आणि पंतांनी सांगितलं म्हणून मी फिरवत राहिलो. बांगड्यांना बाई नको म्हणत होती, तरी खापर तिच्यावरच फोडलं, तेही मी ऐकलं. माझा गळा कुणी धरलेला नाही. मला काय शिक्षा द्यायची ती द्या. मी नसरापूरचा आहे, घर दाखवीन, पळून जाणार नाही.

गंगाधरपंत: भोरला जाऊन फिर्याद करीन मी. दोघांवर. जीवे मारण्याचा प्रयत्न.

अंबूबाई: करा की! जरूर करा. तितं बी साहेब इचारंलच, बाईनं गळा का धरला. मंग सांगा तितं समदं, पयल्यापासनं. मोठ्यानं.

गंगाधरपंत: आनंदराव, तो डबा दे. डबा माझा आहे.

आनंदराव: घ्या. दोनशे फूट, एकही वाया गेलेला नाही.

गंगाधरपंत: अजून ऊन आहे. अजून घेता येईल. कुणालाही उभं करू. पाटील, एक माणूस द्या. कुणीही द्या. फक्त उंच हवा.

अंबूबाई: मागा, मागा. गुंजवण्यात बगा कोन तुमचा मुडदा व्हतंय.

आनंदराव: पाटील काय म्हणतात ते ऐका, पंत. दिवस मावळायच्या आत शीव ओलांडायची. यंत्र इथंच ठेवायचं, हंडा त्या बाईंचा आहे.

गंगाधरपंत: राहू दे. राहू दे हंडा. पण... शेवटाशिवाय चित्र कसं लावू मी? आनंदराव, शेवट नाही रे.

आनंदराव: निघा तुम्ही, पंत.

अंबूबाई: पाटील मला काय म्हनले, दादा? माझ्या कानात नुसतं घुमतंय. काय बी कळंना.

आनंदराव: परवाचं मोडलं म्हणतात. घर तुमचं, पोर तुमची. थोरल्या दिरालाही तिथंच बजावलं.

अंबूबाई: आन् मला? आता मला काय म्हनतील गावात?

आनंदराव: विधवा म्हणतील. दुसरं काही नाही.

अंबूबाई: विधवा. बरं. चालंल.

आनंदराव: उठा, कापड सोडवतो. त्याच्या दाढीचे केस अजून चिकटलेत तुमच्या बोटांना. फार जोर लागला ना?

अंबूबाई: दाबाया न्हाई लागला. सोडाया लागला.

आनंदराव: मला वाटलं, माझी हाक ऐकून सोडलात.

अंबूबाई: तुमची हाक ऐकलीच न्हाई म्या. ठकी उभी हुती दोरीपाशी. बगत हुती.